कामानिमित्त पुण्याहून कोकणात गाडीने जाताय? या चुका टाळा

चाकण-भोसरीहून मशिनच्या दुरुस्तीला, ऑडिटला किंवा सॅम्पल घेऊन लोटे परशुराम, खेर्डी, मिरजोळे एमआयडीसीत जाणाऱ्यांची पहिली चूक घरी बसूनच होते. वेळेचा हिशेब चुकतो आणि मग उरलेली घाई घाटात भरून काढली जाते.

किलोमीटरवरून वेळ ठरवणं

हायवेवर ताशी 60 ची सरासरी मिळते, घाटात मात्र 25 ते 30 चीच धरा. ताम्हिणीमार्गे माणगावला उतरा किंवा कराड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्लीने चिपळूण गाठा, त्याच दिवशी निघून सकाळी दहाची मीटिंग घेऊ नका. दहाचीच हवी असेल तर आदल्या दिवशी उजेडात घाट उतरा आणि मुक्काम खालीच करा. नकाशावर भोर-महाड हा वरंध घाटाचा रस्ता जवळचा दिसतो, पण पावसाळ्यात तो अनेकदा बंद असतो. चौकशी केल्याशिवाय तिकडे वळू नका. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि कंपनीचा प्लॉट नंबर कागदावर लिहून ठेवा.

अख्खा घाट ब्रेकवर उतरणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. ज्या गिअरमध्ये गाडी चढ चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. बहुतेक कारना दुसरा लागतो, तीव्र वळणावर पहिला. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. तीन-चार सेकंद ठाम दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. सतत घासल्याने पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. जुन्या ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते, त्यामुळे ते लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या. ऑटोमॅटिक गाडी नुसत्या डी (ड्राइव्ह) वर सोडू नका, मॅन्युअल मोड किंवा एल (लो) वापरा.

जळका वास आला की पुढच्या रुंद जागेत थांबा. पेडल मऊ लागलं तर एकेक गिअर खाली आणा, पेडल भराभर पंप करा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला गाडी घ्या. थांबल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकांपुढे दगड लावा. गार झाल्यावरही पेडल मऊच असेल तर गाडी पुढे नेऊ नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून दिसतात. न्यूट्रलमध्ये गाडी आवरून धरणारा इंजिनचा रोध जातो. इंजिन बंद केलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची व्हॅक्यूम संपून पेडल घट्ट होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, मधेच थांबलेल्या भरलेल्या ट्रकला पुन्हा उचल घेणं कठीण जातं.

चढावर तापणारं इंजिन

काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा आणि थांबायला जागा बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलंत तर उकळतं पाणी अंगावर येईल. सीएनजी गाडीची ताकद चढावर कमी पडते, तेव्हा पेट्रोलवर घ्या. त्यासाठी टाकी निम्मी तरी भरलेली हवी.

धुकं आणि काच

काच आतून धुरकटली तर एसी लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. बाहेरून धुरकटली तर आत थंडी जास्त झाली आहे: वायपर मारा, तापमान वाढवा. दोन्हींचा इलाज एकच समजल्याने काच आणखी पांढरी होते. धुक्यात लो बीमच ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळत नाही.

वजन आणि टायर

टूलबॉक्स मागच्या सीटवर मोकळा ठेवू नका, डिकीत तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून पट्ट्याने बांधा. हवा टायर थंड असताना, दारालगतच्या स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे भरा. वाटेत तापल्यावर वाढलेली हवा सोडू नका. स्टेपनीही तपासा.

मुळशीचं पाणी आणि ताम्हिणीचे धबधबे बघावेतच असे आहेत, पण वळणावर गाडी उभी करून नाही. ऑफिसात द्यायच्या पेट्रोलच्या पावतीची शाई उडते, पंपावरून बाहेर पडलात की लगेच तिचा फोटो काढा.

परतताना साताऱ्याकडून येत असाल तर कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. घर जवळ आलं म्हणून इथे लक्ष सैल पडतं आणि अपघात होतात. बोगद्यातून बाहेर पडतानाच गिअर कमी करा, डाव्या लेनमध्ये राहा आणि मागच्या ट्रकवर आरशातून लक्ष ठेवा.