वाचवलेल्या कुत्र्याला तात्पुरते घर देताना

रस्त्यावरून, छळातून किंवा सोडून दिलेल्या अवस्थेतून वाचवलेला कुत्रा निवाऱ्यात पोहोचला की त्याचा जीव वाचतो. पण तो मुळात कसा आहे, हे तेथे कळणे फार अवघड असते. शेजारच्या पिंजऱ्यांतील भुंकणे, सतत बदलणारी माणसे आणि अपुरी झोप यांमुळे शांत कुत्राही तेथे अंगावर धावून येणारा वाटतो आणि खेळकर कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसतो. अशा कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे किंवा काही महिने आपल्या घरी सांभाळणे म्हणजे फॉस्टरिंग. खाणे, औषध आणि अंथरूण देणे हा या कामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला आणि माझ्या मते अधिक मोलाचा भाग म्हणजे त्या कुत्र्याला ओळखून घेणे व ती ओळख पुढच्या कुटुंबापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचवणे. त्यासाठी कुत्रा घरी येण्याआधीच एक साधी वही आणून ठेवावी.

होकार देण्यापूर्वी

कुत्रा सोपवणाऱ्या संस्थेशी काही गोष्टी आधीच आणि शक्यतो लेखी ठरवून घ्याव्यात: उपचारांचा खर्च कोण करणार, कोणत्या पशुवैद्यांकडे जायचे, रात्री-अपरात्री प्रकृती बिघडल्यास फोन कोणाला करायचा, कुत्रा साधारण किती काळ राहील, दत्तक देण्याचा अंतिम निर्णय कोणाचा, आणि आपल्याला तो सांभाळणे अशक्य झाले तर किती दिवसांत परत घेतला जाईल. शेवटचा प्रश्न विचारताना अनेकांना संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे, कारण उत्तर ठाऊक नसलेला माणूस अडचणीत एकटा पडतो आणि त्याची झळ कुत्र्याला बसते. घरातील प्रत्येकाची आणि घर भाड्याचे असल्यास घरमालकाची संमती हवी. घरातील इतर प्राण्यांचे लसीकरण पूर्ण असावे.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पिल्लांऐवजी प्रौढ आणि प्रकृतीने बरा असलेला कुत्रा मागावा, असे मी आग्रहाने सांगेन. पिल्ले सोपी वाटतात, परंतु त्यांना रात्रीतून अनेकदा उठून पाहावे लागते आणि त्यांचा आजार काही तासांत गंभीर होतो. ‘हा कुत्रा माझ्या घरी जमणार नाही’ असे आधीच स्पष्ट सांगणे हे तीन दिवसांनी त्याला परत नेऊन सोडण्यापेक्षा कितीतरी बरे.

वेगळी जागा

नव्या कुत्र्याला दार लावता येईल अशी स्वतंत्र खोली, ते शक्य नसेल तर आडोसा केलेला शांत कोपरा द्यावा. याचे एक कारण संसर्गाचे आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या, जुलाब-उलट्यांच्या साथरोगाची लक्षणे विषाणू शरीरात गेल्यावर बहुधा ३ ते ७ दिवसांत दिसतात, क्वचित दोन आठवडेही लागतात. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे धडधाकट दिसणारा कुत्राही घरातील इतर कुत्र्यांपासून किमान १४ दिवस वेगळा ठेवावा, त्याची भांडी, अंथरूण आणि पट्टा वेगळा असावा, आणि त्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर हात धुऊन पादत्राणे बदलावीत. पार्व्होचा विषाणू जमिनीत आणि फटींमध्ये कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन, मग घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ३० भाग असे मिश्रण तिच्यावर १० मिनिटे ओले राहू द्यावे लागते. ज्या घरात पार्व्होचा रुग्ण राहून गेला, तेथे लसीकरण न झालेले पिल्लू पुढे बराच काळ आणू नये.

दुसरे कारण विश्रांतीचे. ज्याला आजवर निश्चिंत झोप मिळालेली नाही, त्याला कोणीही मागून येणार नाही अशी जागा मिळाली की त्याचा अर्धा ताण उतरतो. खोलीतील विजेच्या तारा, औषधे आणि कचऱ्याची पेटी उचलून ठेवावी. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात.

पहिले काही दिवस

कुत्रा पळून जाण्याचा धोका सर्वाधिक असतो तो याच काळात. घाबरलेला कुत्रा मागे सरकत सैल पट्ट्यातून डोके सहज काढून घेतो, म्हणून गळपट्टा आणि छातीचा हार्नेस अशा दोन्हींना दोन वेगवेगळ्या दोऱ्या लावून त्याला आणावे, गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा, आणि कुंपण असलेल्या अंगणातही निदान पहिले दोन आठवडे त्याला मोकळे सोडू नये. दार उघडण्यापूर्वी दोरी हातात आहे ना, हे घरातील प्रत्येकाने पाहावे.

त्यानंतर करायचे काय, तर जवळजवळ काहीच नाही. पाहुण्यांना बोलावू नये, आंघोळ घालू नये, मिठी मारू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये. फॉस्टर करणाऱ्यांमध्ये ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ठोकताळा प्रचलित आहे: भेदरलेपण ओसरायला सुमारे तीन दिवस, घराची रीत समजायला तीन आठवडे आणि खरा विश्वास बसायला तीन महिने. प्रत्येक कुत्रा या हिशेबात बसतोच असे नाही, पण घाई करणाऱ्या माणसाला थोपवायला तो उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी प्रौढ कुत्रा खात नाही, बराच वेळ लघवी धरून ठेवतो किंवा दिवसभर झोपतो. पाणी पीत असेल आणि आजाराचे दुसरे लक्षण नसेल, तर एक दिवस वाट पाहायला हरकत नाही. आपण खोलीत जमिनीवर, त्याच्याकडे थोडी पाठ करून बसावे, वाचत राहावे आणि जवळ यायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे.

या दिवसांत त्याचे शरीर वाचायला शिकावे. झोप आलेली नसताना जांभई देणे, जवळ अन्न नसताना ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे, शेपूट पोटाखाली घेणे आणि एकाएकी ताठरून स्थिर होणे या सगळ्यांचा अर्थ एकच असतो की त्याला अंतर हवे आहे. तो गुरगुरला तर रागावू नये. गुरगुरणे हा चावण्याआधीचा इशारा आहे; शिक्षा करून तो इशारा बंद पाडला, तर उरते ते फक्त चावणे. आपण मागे सरावे आणि गुरगुरण्याच्या आधी नेमके काय घडले, ते वहीत लिहावे.

माझ्याकडे राहिलेली एक कुत्री कोणीही झाडू हातात घेतला की पलंगाखाली जाऊन थरथरत असे. सुरुवातीला मी केवळ ‘भित्री आहे’ असे लिहिले होते. आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्यावर लक्षात आले, की ती माणसांना भीत नव्हती. लांब दांडा असलेल्या प्रत्येक वस्तूला भीत होती. ‘भित्री’ या एका शब्दाने तिला कोणी नेले नसते, तर ‘झाडू तिच्यासमोर वापरू नका’ ही सूचना कोणतेही कुटुंब पाळू शकत होते.

खाणे आणि प्रकृती

हाडे दिसण्याइतका उपाशी कुत्रा पाहिला की त्याच्यापुढे भरलेले भांडे ठेवावेसे वाटते, आणि नेमके तेच त्याच्या जिवावर बेतू शकते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातील फॉस्फरस आणि इतर क्षारांचे प्रमाण झपाट्याने खाली येते आणि त्याचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो. अशा कुत्र्याला पशुवैद्यांनी ठरवून दिलेले अन्न थोडे थोडे, दिवसातून ४ ते ६ वेळा द्यावे आणि प्रमाण काही दिवसांत हळूहळू वाढवावे.

कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त; त्यामुळे हाताला गरम लागला म्हणून ताप आहे असे समजू नये, थर्मामीटर वापरावा. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसणे, रक्तमिश्रित जुलाब, वारंवार उलटी, श्वास घेताना धाप लागणे, पोट एकाएकी फुगणे आणि पिल्लाने खाणे सोडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. माणसांची वेदनाशामके, मग ते पॅरासिटामॉल असो वा आयबुप्रोफेन, स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले गोचिडांचे औषध कुत्र्यालाही लावू नये, कारण ते मांजराला घातक असते. खरूज आणि गजकर्ण कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतात, म्हणून त्वचेची तपासणी होईपर्यंत त्याला आपल्या अंथरुणात घेऊ नये.

चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर जवळजवळ उपाय उरत नाही, त्यामुळे ‘हा तर ओळखीचा कुत्रा’ असे म्हणून हे टाळू नये. हे काम नियमित करणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

आईविना आलेली नवजात पिल्ले अनुभवी हातांतच द्यावीत. तरीही ती आपल्यापाशी आली, तर एवढे लक्षात ठेवावे: गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यावी आणि मगच, पिल्लांसाठी तयार केलेले दूध, पोटावर पालथे ठेवून पाजावे.

घरातील इतरांशी ओळख

वेगळे राहण्याचा काळ संपला की आपल्या कुत्र्याशी पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही परक्या असलेल्या जागी घडवावी. दोन माणसांनी दोन कुत्रे घेऊन, मध्ये भरपूर अंतर ठेवून, एकाच दिशेने चालावे आणि दोघेही सैल अंगाने चालू लागले की अंतर कमी करत जावे. जेवण, हाडे आणि खेळणी मात्र पुढेही कित्येक दिवस वेगळीच ठेवावीत. उपाशी राहिलेला कुत्रा भांड्याची राखण करतो. ते हिसकावून ‘मालक कोण’ हे दाखवण्याऐवजी जवळून जाताना त्यात आणखी चांगला घास टाकावा, म्हणजे माणूस जवळ येणे हे त्याला हवेसे वाटू लागते. लहान मुलांना त्याच्यासोबत कधीही एकटे सोडू नये.

एकटे राहण्याची सवयही पहिल्या आठवड्यापासून लावावी. आधी एक मिनिट, मग पाच मिनिटे, असे दार लावून निघून परत यावे. दिवसरात्र आपल्यालाच चिकटलेला कुत्रा आपल्याला सुखावतो, पण नव्या घरी तोच दार ओरबाडत रडतो आणि परत पाठवला जातो.

निरोपाची तयारी

दत्तक देण्यासाठी लिहिताना ‘प्रेमळ आणि गोड’ यापुढे जावे. तो किती तास एकटा राहतो, दोरीला किती ओढतो, कोणत्या आवाजाला दचकतो, अनोळखी पुरुष, मुले आणि मांजरे यांच्याशी कसा वागतो आणि कशाने लगेच शांत होतो, हे सर्व वहीतून उतरवावे. दोष लपवून मिळवलेले घर फार काळ टिकत नाही. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे.

त्याला आपणच ठेवून घ्यावे असे वाटू लागेल, आणि कधी कधी तो निर्णय योग्यही असतो. मात्र तो निरोपाच्या आदल्या रात्री घेऊ नये. आधी संस्थेशी बोलावे आणि पुढची दहा-बारा वर्षे याच घरात त्याची सोय होईल का, याचा विचार करावा. जाताना त्याच्यासोबत आठवडाभर पुरेल इतके नेहमीचे अन्न, न धुतलेली चादर, औषधांच्या तारखा आणि वहीची प्रत द्यावी. पहिल्या रात्री नव्या कुटुंबाचा फोन येण्याची शक्यता असते, की तो दारापाशी बसून आहे आणि जेवत नाही. अशा वेळी मूळ वही उघडून, आपल्याकडे तो पहिल्यांदा केव्हा जेवला होता आणि तेव्हा कोण कुठे बसले होते, ते त्यांना वाचून दाखवावे.