सोल्डरिंगशिवाय इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (स्ट्रिंगचा कंप पकडणारे चुंबकीय भाग) बदलायचे तर

एकदाच काय ते सोल्डरिंग करा: व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबखालचा भाग) आणि स्विचकडून येणाऱ्या वायरी छोट्या स्क्रू टर्मिनल ब्लॉकला आणून सोडा. पुढे पिकअपच्या वायरी त्यात कसायला नुसता स्क्रूड्रायव्हर पुरतो. कॅव्हिटीत (गिटारमधल्या वायरिंगच्या पोकळीत) कॉपर टेप असेल तर ब्लॉकखाली इन्सुलेशन टेप हवीच.

खरी गडबड वायरींच्या रंगांची, कारण ते कंपनीगणिक बदलतात. चार वायरींच्या हंबकरमध्ये (दोन कॉइलच्या पिकअपमध्ये) सेमूर डंकनची काळी हॉट (सिग्नलची वायर), लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओची लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना. हिरवी आणि उघडी तार दोन्हींत ग्राउंडला. स्ट्रिंग चढवण्याआधी अ‍ॅम्प लावून पिकअपच्या पोलवर (वर दिसणाऱ्या धातूच्या टोकांवर) स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा, ‘टक’ ऐकू यायला हवं. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातला वाटला, तर एकाच पिकअपची हॉट आणि हिरवी अदलाबदल करा. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहू द्या.