दिवाळी अंक छापायला देताना पीडीएफ अशी काढा

इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अंक लावून झाला की एक्स्पोर्टमध्ये मी ‘अ‍ॅडोबी पीडीएफ (प्रिंट)’च निवडते. प्रीसेट, म्हणजे पीडीएफची तयार सेटिंग्ज, मात्र प्रेसला विचारून ठरवा. जुनी यंत्रणा असेल तर पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रकार) मागतील, नवी असेल तर एक्स-४. एक्स-१ए पारदर्शकता (सावल्या, अर्धपारदर्शक थर) सपाट करून टाकते, एक्स-४ ती तशीच ठेवते.

ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, चारी बाजूंनी ३ मिमी. पानं सुटी द्या, स्प्रेड (समोरासमोरची जोडपानं) नको. मोठ्या कागदावर पानांचे फर्मे लावणं प्रेसचं काम. फोटो छापील आकारात ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो सरळ परत मागवा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगून.

सगळ्यात जास्त जपायचा तो मजकुराचा काळा रंग. वर्डमधून आलेला काळा कधीकधी आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा) असतो. सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाया) होताना तो चार शायांत फुटतो आणि छपाईत रजिस्टर (शायांची एकमेकींवरची जुळणी) जरा हललं की वेलांट्या-मात्रांना रंगीत कडा दिसतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना किती त्रास होतो! म्हणून अ‍ॅक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये (तिथे पीडीएफमधली एकेक शाई लपवून बघता येते) ब्लॅकची टिक काढा. पांढऱ्या पानावरचा मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. अक्षरांची पुसट छाया जरी उरली, तरी इनडिझाइनमध्ये परत जाऊन ती स्टाइल फक्त काळ्या शाईवर आणा.

शेवटी अ‍ॅक्रोबॅटच्याच डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक फाँटपुढे ‘एम्बेडेड’ (फाइलमध्येच घातलेला) आहे ना, बघा. ‘एम्बेडेड सबसेट’ (फक्त वापरलेली अक्षरं घातलेली) असलं तरी चालतं.