मागणी, अपेक्षा, अट 'पूर्ण करणे' इंग्लिशमध्ये कसं बोलायचं

मराठीत आपण सगळंच 'पूर्ण' करतो, मागणी, अपेक्षा, अट, वचन, आणि मग इंग्लिश बोलताना तोंडात पटकन कम्प्लीट येतं, 'दे कम्प्लीटेड अवर डिमांड्स'. हे चुकीचं आहे. कम्प्लीट हा शब्द कामासाठी, फॉर्मसाठी, कोर्ससाठी ठेवा.

स्टेप १: व्हर्ब शोधायच्या आधी नाऊन बघा. डिमांड, टार्गेट, डेडलाइन, रिक्वायरमेंट असेल तर डोळे झाकून मीट वापरा. 'वी मेट द डेडलाइन.' मधे विथ घालू नका, 'मेट विथ ॲन ॲक्सिडेंट' वेगळं, तिथे अर्थच दुसरा. संपाच्या बातमीत मात्र नीट बघा, 'द मॅनेजमेंट मेट द युनियन्स डिमांड्स' म्हणजे मागण्या मान्य केल्या, आणि 'गेव्ह इन टू द डिमांड्स' म्हणजे दबावापुढे झुकले, एवढ्याशा फरकातून लिहिणाऱ्याचा कल कळतो.

स्टेप २: नियम, कायदा असेल तर कम्प्लाय, आणि इथे विथ हवंच. 'यू मस्ट कम्प्लाय विथ द रूल्स.'

स्टेप ३: वचनाला बोलताना कीप बरं वाटतं, 'शी केप्ट हर प्रॉमिस'. फुलफिल जरा फॉर्मल आहे, पण स्वप्न, कर्तव्य, अट याला छान बसतं. स्पेलिंग बघा हां, ब्रिटिश पद्धतीत शेवटी एकच एल, अमेरिकनमध्ये दोन, पण फुलफिल्ड लिहिताना दोन्हीकडे दोन.

स्टेप ४: अपेक्षा. इथे खरी मजा आहे कारण किती पूर्ण झाली तेही व्हर्बच सांगतं. अप्रेझल फॉर्मवर 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' म्हणजे हवं तेवढं केलं, 'एक्सीड्स' म्हणजे त्याहून जास्त, आणि कमी पडलं तर 'फॉल शॉर्ट ऑफ एक्स्पेक्टेशन्स', त्यातलं ऑफ विसरू नका. लिव्ह अप टू म्हणजे आपल्याकडचं नावाला जागणं, आधीच मोठं नाव किंवा हवा झालेली असते तिथे हे वापरायचं, 'द मूव्ही डिडन्ट लिव्ह अप टू द हाइप'. हे मला सगळ्यात आवडतं, आणि आपली मुलं ते फारच कमी वापरतात.

सॅटिस्फाय थेट माणसाला लावता येतं, 'वी कुडन्ट सॅटिस्फाय द कस्टमर'. इथे मीट टाकलंत तर ग्राहकाला भेटलोच नाही असा अर्थ होईल.

आता स्वतःच्या कामावरची चार वाक्यं लिहा, प्रत्येकात वेगळा नाऊन घ्या आणि मोठ्याने वाचा.