स्मिअरवर काटेरी पेशी दिसल्या? रिपोर्ट लिहिण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, अकॅन्थोसाइट (काटेरी तांबड्या पेशी) सापडले!" असं म्हणत एखादा नवा टेक्निशियन स्लाइड घेऊन धावत आला की मी आधी स्लाइड बघत नाही. नळीवर लिहिलेली वेळ बघते. रक्त सकाळी नऊचं आणि घड्याळात साडेचार, असं असेल तर मी शांतपणे माझा चहा संपवते.

मेंदूचे काही आनुवंशिक आजार रक्तात खूण सोडतात. हातपाय, तोंड आपोआप हलत राहणं (कॉरिया), जीभ आणि ओठ चावले जाणं, कधी फिट्स, आणि स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या पातळ थरात, काटेरी तांबड्या पेशी, असं एकत्र दिसलं की न्यूरोअकॅन्थोसाइटोसिस डोक्यात यायला हवं. त्यातले मुख्य आजार दोन. कॉरिया-अकॅन्थोसाइटोसिसमध्ये व्हीपीएस१३ए हे जनुक बिघडलेलं असतं. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा आजार होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे "आईवडील नात्यातले का?" हे विचारायला लाजू नका. दुसरा मॅक्लिऑड सिंड्रोम. त्याचं एक्सके हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो प्रामुख्याने पुरुषांना होतो, तोही बहुधा मध्यम वयात. या दोन्ही जनुकांपासून बनणारी प्रथिनं पेशीत एकमेकांना धरून असतात आणि आवरणातल्या स्निग्ध पदार्थांची ने-आण सांभाळतात. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना फारसं दुसरं काही. आवरण बिघडलं की तिचा आकारच बदलतो. मेंदूत मात्र हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या कॉडेटसारख्या भागातल्या पेशी मरतात, आणि त्या काही परत येत नाहीत.

आता चुकांकडे. पहिली चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलणार.

बर सेलला अकॅन्थोसाइट म्हणणं

संक्रांतीचा हलवा आठवा. दाण्यावर सगळीकडून सारखे, आखूड, दाट काटे. तो बर सेल. आणि रानात चालताना पायात रुततो तो सराटा आठवा. काटे मोजकेच, एक लांब, एक बोथट, दोन एकाच बाजूला. तो अकॅन्थोसाइट, आणि त्याच्या मधला फिकट भागही नाहीसा झालेला असतो. किडनीच्या आजारात खरे बर सेल दिसतात, पण रोजच्या कामात बहुतेक हलवा आपणच वळलेला असतो: जांभळ्या झाकणाच्या नळीत तासन्‌तास पडलेलं रक्त, पावसाळी हवेत हळूहळू वाळलेली स्लाइड, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) संपला म्हणून लिशमन स्टेनमध्ये, म्हणजे पेशी रंगवायच्या रंगात, ओतलेलं नळाचं पाणी.

मी पॅथॉलॉजीत एमडी होऊन दोनच वर्षं झाली होती. तालुक्याच्या एका कलेक्शन सेंटरहून चौदा वर्षांच्या मुलीचं रक्त आलं, मोटरसायकलच्या डिकीतून, जूनच्या दमट दुपारी. फॉर्मवर फक्त "कॉरिया" लिहिलेलं. स्लाइडवर काटेच काटे. मी हरखले. अभ्यासात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांसमोर होती ना! "अकॅन्थोसाइट्स दिसतात, न्यूरोअकॅन्थोसाइटोसिसची शक्यता विचारात घ्यावी" असं ठोकून दिलं. तिकडे कोणीतरी घरच्यांना सोप्या मराठीत सांगितलं: घराण्यातला मेंदूचा रोग आहे. मुलीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, याद्या झाल्या होत्या. पंधरा दिवसांत मुलाकडच्यांनी नकार कळवला.

मुलीचे वडील रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसले तेव्हा मी नव्याने रक्त घेतलं. बोटातून, थेट काचेवर, पंख्याखाली वाळवून. एकही काटा नाही. घसा दुखून गेल्यावर काही महिन्यांनी होणारा संधिवाताच्या तापाचा कॉरिया होता तो. एएसओ (घशातल्या त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेला, हृदयाच्या झडपेतून गळती. काही महिन्यांत हालचाली थांबल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं मात्र सुरू राहिली. ते लग्न काही परत जुळलं नाही.

तेव्हापासूनची माझी सवय: काटे दिसले की त्याच दिवशी, त्याच स्टेनमध्ये रंगवलेली दुसऱ्या पेशंटची स्लाइड शेजारी लावते. तिच्यावरही काटे असतील तर आजार आमच्या लॅबला झालाय. नसतील तर ताजं रक्त मागवते, आणि नळीतलं रक्त दोन तासांच्या आत काचेवर आलंच पाहिजे. पेशंटला पुन्हा बोलवायचं म्हटलं की काउंटरवरची मंडळी तोंड वाकडं करतात. करू देत.

एक स्लाइड स्वच्छ दिसली म्हणून आजार नाही असं लिहिणं

ही उलटी चूक, आणि ती घाईत असलेली माणसं जास्त करतात. खऱ्या आजारातही काटेरी पेशींचं प्रमाण कमी-जास्त होतं, काही वेळा त्या सापडतच नाहीत, आणि नेहमीच्या वाळवलेल्या स्मिअरवर तर त्या सहज निसटतात.

पस्तिशीचा एक माणूस आठवतो. तोंडात सतत घडी केलेला रुमाल. मला वाटलं दात दुखतोय. बायकोने सांगितलं, रुमाल नसला की ओठ चावून रक्त काढतात. जेवायला बसला की जीभ घास बाहेर ढकलायची, म्हणून मान मागे टाकून घास घशात सोडायचा. घरच्यांनी दोन देवस्थानं करून झाली होती. एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं म्हणून वर्षभर लिव्हरची औषधं चालू होती. सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, कोणी केलंच नव्हतं. केलं तर ते हजारांत निघालं. म्हणजे एन्झाइम लिव्हरचं नव्हतं, स्नायूंचं होतं. आणि स्मिअर? तीन वेळा "नॉर्मल", त्यातला एक रिपोर्ट माझ्या सहीचा.

चौथ्या वेळी ओली स्लाइड केली. रक्त आणि तेवढंच सलाइन, त्यात रक्त गोठू नये म्हणून किंचित हेपरिन, तासभर हलवत ठेवायचं, मग थेंब काचेवर आणि वर कव्हर स्लिप. ना स्टेन, ना वाळवणं. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. आमच्याकडे नव्हता, साध्या सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घेऊन काम भागवलं. पहिल्याच फील्डमध्ये सराटे! या पद्धतीत निरोगी माणसातही शंभरात पाच-सहा काटेरी पेशी दिसू शकतात, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलू नका. आणि मोजल्यानंतरही आजाराचं नाव स्लाइडवरून ठरत नाही. त्यासाठी पेशींतलं कोरीन (व्हीपीएस१३ए जनुकापासून बनणारं प्रथिन) किंवा जनुक तपासावं लागतं. मी रिपोर्टमध्ये आता "आजार नाही" असं कधीच लिहीत नाही. "या नमुन्यात दिसले नाहीत, संशय असल्यास ताज्या रक्ताची ओली स्लाइड करावी" एवढंच लिहिते.

बाकीच्या चुका भराभर:

मशीनचा सीबीसी नॉर्मल आला म्हणून स्लाइडच न बघणं. मशीन आकारमान मोजतं, काटे नाही.

स्मिअरच्या अगदी शेपटाला पेशी वाचणं. तिथे सगळ्याच पेशी विचित्र दिसतात.

सिऱ्होसिस, काढलेली प्लीहा, थायरॉइडची कमतरता, उपासमार यांतही अकॅन्थोसाइट दिसतात हे विसरणं. आधी ही चौकशी, मग मेंदू.

लहान मुलात काटेरी पेशी दिसूनही कोलेस्टेरॉल न बघणं. ही मला अक्षम्य वाटते. ॲबेटालायपोप्रोटीनेमियात निम्म्याहून जास्त पेशी काटेरी असू शकतात, कोलेस्टेरॉल अगदी तळाला असतं, शौचातून तूप-तेल जातं आणि ईएसआरही (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) फारच कमी येतो, कारण काटेरी पेशी नाण्यांसारख्या एकावर एक बसत नाहीत. इथे ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस लवकर सुरू केले तर पुढे तोल जाणं आणि नजर जाणं बरंच रोखता येतं. या यादीत हातात उपाय देणारे आजार फार थोडे आहेत.

मॅक्लिऑडचा संशय असताना ब्लड बँकेला न कळवणं. या माणसांच्या तांबड्या पेशींवर केएक्स हे प्रतिजन (रक्तगट ठरवणारी खूण) नसतं आणि केल या रक्तगटाची प्रतिजनं क्षीण असतात. १९६१ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तोही एका रक्तदात्याच्या तपासणीतच, त्याच्याच आडनावावरून हे नाव पडलं. बाहेरचं रक्त एकदा चढलं की प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि मग जुळणारं रक्त मिळणं महाकठीण. स्वतःचंच रक्त आधी साठवून ठेवता येतं का, ते विचारा. हृदयाची सोनोग्राफीही सुचवा.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधली भोकं "जुनं रक्त" म्हणून सोडून देणं. शिळ्या रक्तात पोकळ्या होतात, मान्य. पण त्या मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या इतर पांढऱ्या पेशींमध्येही दिसतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाची नजर झपाट्याने कमी होतेय, आणि ताज्या स्मिअरवर फक्त लिम्फोसाइट चाळणीसारखे दिसतायत, तर सीएलएन३ म्हणजे लहान मुलांतला बॅटन आजार (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) असू शकतो. अशा मुलांची सुरुवात बहुतेक वेळा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते आणि फॉर्मवर "चष्मा लागत नाही" एवढंच असतं. मी अशा वेळी फॉर्मवरचा नंबर फिरवते आणि आईला विचारते: शाळेत मागे पडतोय का? फिट आली होती का? स्लाइड मात्र धुवायला टाकू नका. माझ्या कपाटात अशा स्लाइड्सचा एक चपलांचा खोका आहे. ती चौदा वर्षांच्या मुलीची स्लाइड त्यात सगळ्यात वर ठेवलेली असते.