फासा पडण्याआधी आकडा सांगा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, एकेक कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायच्या खेळात टेबलावर भांडण होतं ते नियम मोडला म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते होतं फासा पडून गेल्यावर आकडा ठरवला म्हणून. खेळाडू म्हणतो, "मी भिंत चढतो." जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा पंच, म्हणतो, "टाक." सगळं धरून बेरीज १३ होते. जीएम छताकडे बघतो आणि म्हणतो, "नाही जमलं." त्याला १२ हवे होते की १८, हे कुणालाच ठाऊक नाही, जीएमलाही नव्हतं. यापुढे त्या खेळाडूचं लक्ष भिंतीवर नसतं, जीएमच्या चेहऱ्यावर असतं.

मी डोंबिवलीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवते. पाचवी आवृत्ती, २०१४ ची. २०२४ मध्ये सुधारित पुस्तकं आली, पण आमचं मोहिमेचं कथानक अर्ध्यावर आहे, त्यामुळे आम्ही अजून जुन्यावरच. पुस्तकांची किंमत बघून थांबला असाल तर थांबू नका: या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. पुढचं सगळं त्या नव्या जीएमसाठी, ज्यांनी नियम वाचलेत आणि पहिल्याच सेशनला ज्यांना कळलंय की खेळाडूंनी ते वाचलेले नाहीत.

पुस्तकाला आधी बोलू द्या

"इथे मीच ठरवते" म्हणायची घाई करू नका. पुस्तकात वाटतं त्यापेक्षा बरंच काही असतं. आमच्या रोगने, म्हणजे चोराचं कॅरेक्टर खेळणारीने, एकदा तेलाची कुपी काढली. एका चांदीच्या नाण्याची वस्तू, सगळ्यांच्या पिशवीत असते आणि कुणाला आठवत नाही. जिन्यावरून गॉब्लिन्स (बुटके राक्षस) वर येत होते. तिला पायऱ्यांवर तेल ओतून पेटवायचं होतं. पुस्तक म्हणतं: सपाट जमिनीवर ओतलं तर पाच फुटांचा चौरस भिजतो, पेटवला तर २ राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) जळतो, आणि त्यात जो शिरेल किंवा तिथे ज्याची पाळी संपेल त्याला आगीचं ५ नुकसान. झालं. निम्मं काम पुस्तकाने केलं. नुकसान किती, किती वेळ, यावर मला डोकं खपवायची गरज उरली नाही.

उरलं ते एवढंच, की जिना सपाट नसतो. आमच्याकडे एक कायदेपंडित आहेत (म्हणजे नियमांचा कीस पाडणारे; क्लेरिक, म्हणजे पुजारी, खेळतात, आवडते आहेत). ते म्हणाले, प्रत्येक पायरी सपाटच असते की! मुद्दा बिनतोड होता. पण तेल खाली ओघळतं हेही खरं, आणि जिना लाकडाचा होता, त्याबद्दल पुस्तक गप्प आहे. इथून पुढे निवाडा. मी सांगितलं ते असं: "आग वरच्या दोन पायऱ्यांवर राहील, त्यातून येणाऱ्याला पुस्तकातलं ५. दोन राउंडनंतर लाकूड पेट घेईल आणि जिना बंद होईल, त्यांना आणि तुम्हालाही. अजून ओतायचंय?" तिने बाहेर पडायची दुसरी वाट आहे का ते विचारलं, खिडकी आहे म्हटल्यावर ओतलं.

माझ्या मते निवाड्याचा सगळा कारभार त्या शेवटच्या प्रश्नात आहे. काय लागेल, जमलं तर काय, फसलं तर काय, हे तिन्ही फासा हातात असतानाच सांगायचं. ऐकून खेळाडूने बेत बदलला तर बदलू द्यायचा. त्याच्या कॅरेक्टरला तो जिना डोळ्यांनी दिसतोय. तुमच्या खेळाडूला फक्त तुमचं वर्णन दिसतंय.

आकडा कसा ठरवायचा

पुस्तकात कठीणपणाची, म्हणजे डीसीची, उतरंड आहे: ५, १०, १५, २०, २५, ३०. मी त्यातले मधले तीनच वापरते. सोपं १०, बेताचं १५, अवघड २०. ५ वर फासा टाकायलाच लावू नका, जमलं म्हणा आणि पुढे चला. ३० लागत असेल तर "असं होणार नाही" हे सरळ सांगणं जास्त प्रामाणिक.

पाऊस आहे, दोरी आहे, पायाला लागलंय, अशा गोष्टींसाठी आकडा वर-खाली करत बसू नका. त्यासाठी ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज आहे: डी२०, म्हणजे वीस बाजूंचे फासे, दोन टाकायचे, चांगला घ्यायचा किंवा वाईट. याचं वजन किती ते एकदा समजून घ्या. ज्याला अधिक ५ मिळतात त्याला डीसी १५ गाठायला फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. ॲडव्हान्टेज दिला की ते जवळजवळ ८० होतात, डिसॲडव्हान्टेजने ३० वर येतात. दोरी बांधायला डोकं लावणाऱ्याला ५५ वरून ८० वर नेणं ही बरी मजुरी झाली.

"नियम मूर्ख आहे" असं वाटतं तेव्हाही हिशोब करून बघा. चौघं पहारेकऱ्यांच्या मागून चोरपावलांनी जातायत, प्रत्येकाला ७० टक्के संधी. प्रत्येकाने जमवलंच पाहिजे असं धरलंत तर चौघं एकदम सुटण्याची शक्यता फक्त २४ टक्के. मग जीएम म्हणतात, लपून जाण्याचे नियमच टुकार. नियम टुकार नाहीत, तो लावलाच चुकीचा. गटाने करायच्या कामासाठी वेगळा नियम आहे: निम्म्यांनी गाठलं की गटाने गाठलं. तेच चौघं, तेच ७० टक्के, आणि शक्यता ९१ च्या वर जाते.

कुणाच्या खिशातून देताय?

नव्या जीएमच्या नजरेतून निसटतं ते हे. निवाडा उदार असला की तो चांगला, असं नाही. कुणी म्हणतं, "मी त्याच्या हातातली तलवार उडवते." दिलदारपणे "टाक, लागली तर उडाली, शिवाय नुकसानही" म्हटलंत, तर टेबलावर बॅटल मास्टर फायटर (डावपेचांत तरबेज लढवय्या) असेल त्याचा चेहरा बघा. त्याने तिसऱ्या लेव्हलला नेमकं हेच निवडलंय. त्याच्याकडे त्यासाठी खर्चायला चार डाइस आहेत, तेही विश्रांती घेतल्याशिवाय परत येत नाहीत. जे त्याने मोजूनमापून घेतलं ते तुम्ही दुसऱ्याला फुकट वाटलंत.

म्हणून माझा दंडक असा: पुस्तकात ज्यासाठी कुणी लेव्हल, स्पेल (मंत्र) किंवा फीट (निवडून घेतलेलं खास कौशल्य) खर्च करतं, ते इतरांना करून बघू द्यावं, पण कमी पट्टीत. तलवार उडवायची तर त्या वारात नुकसान नाही. डोळ्यांत वाळू फेकायची तर अख्खी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाईल, समोरच्याला सेव्ह (टाळायला एक फासा) मिळेल, आणि फसला तर फक्त त्याच्या पुढच्या एका वाराला डिसॲडव्हान्टेज. याहून भारी काही दिलंत तर पुढच्या सेशनला पाचही जण पिशवीत वाळू भरून येतील. येतीलच.

उलट बाजूही आहे. कडेलोटाचा नियम सगळ्यांना खटकतो: दर दहा फुटांना १डी६, म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढं नुकसान. साठ फुटांवरून पडलं तर सरासरी २१ नुकसान. नव्वद हिट पॉइंट्सचा, म्हणजे नव्वद नुकसानापर्यंत टिकणारा, बार्बेरियन (रानटी योद्धा) कड्यावरून उडी मारून खाली मजेत चालू लागतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे पटणं कठीण. पण त्याने उडी मारली ती हा नियम माहीत होता म्हणून, आणि हवेत असताना "वास्तवात माणूस मरतो" म्हणून नियम बदलणं म्हणजे दगा. ज्या नियमावर भरवसा ठेवून कुणी पाऊल उचललंय तो त्या क्षणी पाळायचा, कितीही हास्यास्पद असला तरी. बदलायचा तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला, सगळ्यांसमोर.

पंचाला अधिकार कुठून येतो

हा वाद ड्रॅगन्सपेक्षा जुना आहे. प्रशियात धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये क्रीगश्पीलचे, म्हणजे नकाशावरच्या युद्धखेळाचे, नियम छापले. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी फासे, तक्ते, तोफेचा पल्ला, सगळं मोजून. पुढे लोक त्या तक्त्यांना वैतागले, आणि १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने तक्ते जवळजवळ बाजूला सारले: अनुभवी पंच ठरवेल काय झालं ते. हा गृहस्थ फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख मोल्टके याच्या मुख्यालयात होता. अशा माणसाने "तुझी पलटण मागे हटली" म्हटलं तर कोण हुज्जत घालेल?

मी ड्रॅगन पाहिलेला नाही. तुम्हीही नाही. आपल्या शब्दाला वजन येतं ते गेल्या महिन्यात आपण काय म्हणालो होतो आणि आजही तेच म्हणतोय का, यावरून. म्हणून वही ठेवा. माझी वही सोसायटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तासारखी रुक्ष आहे: तारीख, काय विचारलं, काय ठरलं. "ओला दगड: चढताना डिसॲडव्हान्टेज." "कोसळतं कपाट: १डी१०." (हा दुसरा माझा नाही, पुस्तकातल्या ऐनवेळच्या नुकसानाच्या तक्त्यातला. विजेचा झटका २डी१०, कोसळत्या बोगद्यातला ढिगारा ४डी१०. तेवढा तक्ता जीएमच्या पुढ्यातल्या पुठ्ठ्याच्या पडद्याच्या आत चिकटवून ठेवा.) वही कायदेपंडितांच्या ताब्यात द्यावी. त्यांना मान मिळतो आणि तुमचे हात मोकळे राहतात.

पडद्याआड फासे टाकून आकडे फिरवणं मला पसंत नाही. खेळ वाचवायला केलंय असं जीएम सांगतात. मी झुंज सुरू झाली की पडदा मिटवून उघड्यावर टाकते. मरायची वेळ आली तर सगळे एकत्रच बघतात, आणि मग जे वाचतात ते खरंच वाचलेले असतात. यावर पुष्कळ चांगले जीएम माझ्याशी सहमत नाहीत, त्यांचं टेबल त्यांच्याजवळ.

अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळातून एक गोष्ट मात्र बिनदिक्कत उचला. तिथे जीएम फासे टाकतच नाही. खेळाडू दोन डी६ टाकतो, १० किंवा वर आलं तर जमलं, आणि ७ ते ९ आलं तर जमलं पण किंमत मोजून. डी२० वर एक-दोनने हुकलं तर मीही हा पर्याय पुढे करते: "कुलूप उघडेल, पण हत्यार आत तुटेल. चालेल?" कधी हो म्हणतात, कधी नाही. विचारायचं मात्र फासा पडल्यावर चालतं, कारण इथे निवड त्यांची आहे.

सेशन सुरू असताना नियम सापडत नसेल तर शोधाशोध दुसऱ्या कुणाची पाळी चालू आहे तेवढ्यातच करा. तोवर नाही सापडला तर निवाडा द्या, वहीत समोर प्रश्नचिन्ह काढा आणि चहाच्या वेळी बघा. पुस्तक वेगळं म्हणत असेल तर पुढच्या वेळेपासून पुस्तक. झालेली झुंज उलटी फिरवायची नाही. अपवाद एकच: त्या निवाड्याने कुणाचं कॅरेक्टर मेलं असेल, तर चहा थंड होऊ द्या आणि आत्ताच बघा.