उतारा आणि अलंकार: उजळणी एकत्रच करा

दहावीची मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात भाषाभ्यासाला, म्हणजे अलंकार-व्याकरणाच्या भागाला, १६ गुण, म्हणून परीक्षा तोंडावर आली की मुलं अलंकारांच्या व्याख्या घोकायला घेतात. उताऱ्याचं काय, तो तर समोरच असतो! पण गुण जातात ते बऱ्याचदा या दोहोंच्या मधल्या फटीत. उताऱ्यातलं वळणाचं बोलणं मूल सरळ अर्थाने घेतं आणि उत्तर फसतं. म्हणून दोन्हींची उजळणी एकाच बैठकीत करावी. सहावी-सातवीलाही हीच रीत चालते, उतारा तेवढा लहान घ्यायचा.

१. उतारा आधी नुसता वाचा

पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात नको. मग प्रश्न वाचायचे आणि दुसऱ्या वाचनात खुणा करायच्या. प्रश्न आधी वाचून उताऱ्यात उत्तर हुडकण्याची युक्ती पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत वेळ वाचवते, पण सरावात मी ती टाळायलाच सांगेन. मूल शब्द शोधत राहतं, मजकूर वाचतच नाही.

२. तीन थरांचे प्रश्न विचारा

हा छोटा उतारा घ्या:

‘नळाची तोटी सोडल्यावर सरपंच एवढंच म्हणाले, “पाणी आलं. आता हंड्यांना विश्रांती.” बायकांमध्ये हशा पिकला. पारूबाईने मात्र डोळ्याला पदर लावला.’

पहिला थर मजकुरातलाच: तोटी सोडल्यावर सरपंच काय म्हणाले? चौकटी पूर्ण करा, ओघतक्ता भरा अशा बऱ्याच कृती इथल्याच. उत्तर उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

दुसरा थर ओळींच्या मधला: विश्रांती खरी कुणाला मिळणार? हंडे काही थकत नाहीत, थकतात ते हंडे वाहणाऱ्या बायकांचे डोके-कंबर. ‘हशा पिकला’ हेही तसंच; पिकतं ते शेतात. अशा जागी मुलाला थांबवून विचारा, ‘हे खरोखर घडलं का? नाही, तर काय म्हणायचंय?’

तिसरा थर अंदाजाचा: पारूबाईच्या डोळ्यांत पाणी का आलं? उतारा सांगत नाही. आनंदाने, किंवा आयुष्यभर केलेली पायपीट आठवून, अशी दोन्ही उत्तरं चालतील. आधार मात्र उताऱ्यातला हवा. ‘तिचा मुलगा शहरात गेला होता म्हणून’ हे उत्तर कितीही हृदयस्पर्शी असलं तरी बाद. स्वमताच्या कृतीतही हाच नियम लावा. मत आपलं असावं, पण त्याचा धागा मजकुराला बांधलेला असावा.

३. वाक्प्रचार जोडीने घ्या

डोळा लागणे म्हणजे झोप येणे, डोळा असणे म्हणजे हाव असणे, आणि डोळ्यांत खुपणे म्हणजे सहन न होणे. असे एकाच अवयवाचे वाक्प्रचार शेजारी ठेवले की फरक ठसतो. वाक्यात उपयोग करताना ‘त्याचा डोळा लागला’ एवढ्यावर सोडू नका. ‘रात्रभर जागल्यामुळे एसटीत बसताच त्याचा डोळा लागला’ असं लिहिलं की अर्थ वाक्यातच दिसतो.

४. एकच वाक्य निरनिराळ्या अलंकारांत फिरवा

व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं. उपमेय (ज्याची तुलना करायची ते) ‘आजीचा हात’, उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) ‘साय’, समान गुण मऊपणा:

उपमा: आजीचा हात सायीसारखा मऊ आहे.
उत्प्रेक्षा: आजीचा हात म्हणजे जणू सायच!
रूपक: आजीच्या हाताची साय गालावरून फिरली.
अपन्हुती: हा आजीचा हात नव्हे, ही तर साय.
व्यतिरेक: आजीचा हात सायीहूनही मऊ.
अनन्वय: आजीचा हात आजीच्याच हातासारखा.

उपमेय आणि उपमान यांचं नातं कसं बदलत गेलं, ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. मग त्याने स्वतःची जोडी घेऊन तेवढीच वाक्यं करावीत. अडखळेल ते रूपकाशी. तिथे घाई करू नका. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं म्हणणं, या साच्यात बसत नाही; तिच्यासाठी वरचे हंडे आहेतच.

५. खुणेच्या शब्दांवर आंधळा विश्वास नको

‘सारखा’ दिसला की उपमा, हे समीकरण धोक्याचं. ‘तो सारखा बोलत असतो’ यात सारखा म्हणजे सतत. ‘तुझ्यासारखं पेन माझ्याकडेही आहे’ यात तुलना आहे, पण चमत्कृती (मनाला भावणारं वेगळेपण) नाही, म्हणून अलंकारही नाही. ‘परी’ कधी ‘प्रमाणे’ असतो, कधी ‘पण’. अशी फसवी वाक्यं मुद्दाम मिसळून सराव द्या.

६. वर्तमानपत्राचे मथळे

गाईडातली उदाहरणं संपली की मथळे घ्या: बाजार कोसळला, कांद्याने रडवले. मथळा तेवढा दाखवून बातमी झाकून ठेवा आणि विचारा, रडलं कोण? भाव चढले असतील तर गिऱ्हाईक, पडले असतील तर शेतकरी. मुलाने उत्तर लिहिल्यावरच खालची बातमी उघडा.